मुक्या जिवाचा इष्टवियोग



पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत धान्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे. बँकेच्या सेवेत असताना त्यांच्या कॅश क्रेडिट खात्यापोटी तारण असलेल्या मालाची तपासणी करण्यासाठी मी त्यांच्या वखारीत जात असे. निवृत्तीनंतर तपासणी थांबली, जाणे-येणे थांबले नाही. या वखारीच्या दारात कित्येक वर्षे दोन गावठी कुत्री बसलेली असत. राजा थोरला, तांबूस रंगाचा, अकरा वर्षांचा. चिमी आठ वर्षांची. एका पावसाळ्यात ती पिल्लू असताना हमालांना नाल्याकाठी सापडली आणि राजाने तिला आपल्या पोटाशी घेतले. दोघांचे ताट एकच. राजा आधी तोंड घाली, अर्धे झाले की मागे सरे, मग चिमी पुढे होई. हा क्रम आठ वर्षांत मोडल्याचे कोणी पाहिले नाही.

गेल्या वर्षी आषाढात राजा दोन दिवस मलूल झाला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. वय झाले होते, असे सर्वांनी मानले. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बा, वय वर्षे ब्याऐंशी, रात्रभर त्याच्या उशाशी बसून होत्या. शेवटच्या घटकेस त्यांनी त्याच्या कानाशी नवकार म्हटला. पार्श्वनाथ भगवंतांनी जळत्या लाकडातील नागास नवकार ऐकविल्याची कथा लहानपणापासून ऐकत आलेल्या त्या माउलीला दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. शेठनी वाड्यामागील मोकळ्या जागेत खड्डा खणवून, मीठ घालून त्याला पुरले. त्या दिवशी पेढी दोन तास उशिरा उघडली. जाणाऱ्या जिवासाठी जे करावयाचे ते सर्व यथासांग झाले.

मागे राहिलेल्या जिवासाठी काय करावयाचे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, आणि या महिन्याचे लेखन त्याच कारणाने होत आहे.

चिमी पहिले दोन दिवस वखारीचा कोपरा न् कोपरा हुंगत फिरली. तिसऱ्या दिवसापासून ती राजाच्या गोणपाटावर बसू लागली. पूर्वी त्या जागी ती कधी पाय ठेवीत नसे. ताट पुढे आले की उठून जवळ जाई आणि तोंड घालण्याऐवजी बाजूला उभी राही. कोणीतरी आधी जेवून घ्यावे, मग आपली पाळी, अशी ती वाट पाहत असावी. दूध-भाकरी तशीच वाळून जाई. रात्री बाजार शांत झाला की अकराच्या सुमारास ती मान वर करून दीर्घ हेल काढी. तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आहे. त्याला भुंकणे म्हणता येत नाही.

कुत्रे रडले की घरावर संकट येते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. त्यात शेठच्या सूनबाईंना सातवा महिना होता. शेजारच्या दोन-तीन दुकानांतून सूचना येऊ लागल्या. आठवडा उलटला तसे घरातही कुजबुज सुरू झाली. शेठच्या धाकट्या बंधूंनी मार्ग सुचविला : कर्जतच्या बाजूला एका ओळखीच्यांचे फार्महाऊस आहे, आपला टेम्पो शुक्रवारी त्याच रस्त्याने जातो, चिमीला तिकडे सोडून देऊ, मोकळ्या हवेत रमेल. शेठनी मला फोन केला. म्हणाले, "साहेब, एकदा येऊन जा. बा ऐकत नाहीत, भाऊ ऐकत नाही. मला तर काही कळेनासे झाले आहे."

मी गेलो आणि मोठ्या आत्मविश्वासाने सल्ला दिला. एक पद रिक्त झाले की ते लवकर भरावे, हा माझा नोकरीतील अनुभव. एखादे लहान पिल्लू आणा, चार दिवसांत ही सारे विसरेल, असे मी सांगितले. पिल्लू आले. चिमीने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि ती वखारीच्या मागच्या अंगाला निघून गेली. पिल्लू राजाच्या गोणपाटावर झोपले तेव्हा आठ वर्षांत कोणावर न गुरगुरलेली चिमी त्याच्यावर दात काढून धावली. त्या दिवशी तिने पाणीही प्यायले नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लू शेठच्या नातीच्या मैत्रिणीकडे रवाना झाले. तेथे ते सुखात आहे, एवढेच माझ्या सल्ल्याचे फलित.

यानंतर मात्र मी या विषयाचे वाचन करावयास बसलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम आपल्याच मनाची एक गंमत सांगितली पाहिजे. माणसासाठी जनावराने केलेला शोक आपल्याला चटकन पटतो. आपल्या रायगड जिल्ह्यातच, किल्ले रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या या कुत्र्याचे स्मारक आहे. त्या कथेच्या ऐतिहासिक आधाराविषयी अभ्यासकांत वाद आहे आणि त्यात शिरण्याचे हे स्थान नव्हे. परंतु ती कथा लोकांच्या मनात रुजली, हे खरे. जपानमध्ये टोकियोच्या शिबुया स्थानकावर हाचिको नावाचा कुत्रा १९२५ साली वारलेल्या आपल्या प्राध्यापक धन्याची वाट पाहत १९३५ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, येत राहिला. त्याचा पुतळा जग पाहावयास जाते. अशा कथांत शोकाचा विषय आपण असतो, म्हणून त्या आपल्याला सुखावतात. पण एका कुत्र्याने दुसऱ्या कुत्र्यासाठी, एका बैलाने दुसऱ्या बैलासाठी झुरावे, तेथे आपला भाग काहीच नसतो. आणि तेथे मात्र आपण म्हणतो, जनावराला काय कळते?

आपल्या पूर्वजांना असा संशय नव्हता. रामायणाचा आरंभच जोडीदार गमावलेल्या क्रौंच पक्षिणीच्या आक्रोशाने होतो, आणि तो आक्रोश ऐकून वाल्मीकींच्या तोंडून श्लोक बाहेर पडला, अशी परंपरा आहे. क्रौंच म्हणजे सारस पक्षी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. महाराष्ट्रात हा सारस आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्याच्या धानशेतीत उरला आहे. जोडीतील एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. प्रत्यक्षात मागे राहिलेला सारस पुढे नवा जोडीदार स्वीकारतो, असेही आढळले आहे. श्रद्धेतील अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण खोटे म्हणता येत नाही. बैलजोडी बाळगणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. बरोबरीचा बैल गेल्यावर दुसरा कित्येक दिवस गव्हाणीत तोंड घालीत नाही आणि नव्या बैलाबरोबर जू घेण्यास कुरकुरतो, हे तो सांगेल. १९९९ साली लखनौच्या प्राणिसंग्रहालयात चंपाकली नावाची हत्तीण बाळंतपणात मरण पावली, तेव्हा तिची सेवा करणाऱ्या दामिनी या वृद्ध हत्तिणीने खाणे सोडले आणि काही आठवड्यांत तीही गेली. सर्व उपचार करूनही तिला वाचविता आले नाही.

कथा आणि अनुभव यांच्यापलीकडे जाऊन आता संशोधकांनीही या प्रश्नाची दखल घेतली आहे. इटलीतील मिलान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली ४२६ कुत्रापालकांकडून मिळविलेली माहिती प्रसिद्ध केली. या सर्वांच्या घरी दोन किंवा अधिक कुत्री होती व त्यांतील एक मरण पावले होते. मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात प्रतिकूल बदल झाल्याचे १०० पैकी ८६ पालकांनी सांगितले. ६७ टक्के कुत्री माणसांचे लक्ष अधिक मागू लागली, ५७ टक्के कमी खेळू लागली, ४६ टक्क्यांची हालचाल मंदावली, ३५ टक्के अधिक झोपू लागली, तितकीच अधिक भित्री झाली, ३२ टक्क्यांचे खाणे कमी झाले आणि ३० टक्के अधिक भुंकू किंवा विव्हळू लागली. निम्म्याहून अधिक कुत्र्यांत हे बदल दोन महिन्यांहून अधिक काळ टिकले, तर सुमारे पाव हिश्शात सहा महिन्यांहूनही अधिक.

यातील दोन निष्कर्ष मला विशेष वाटले. एक, दोन्ही कुत्री किती वर्षे एकत्र राहिली याचा शोकाच्या तीव्रतेशी संबंध आढळला नाही; त्यांचे नाते कसे होते, याचा आढळला. ज्यांच्यात मैत्री किंवा आई-लेकरासारखे नाते होते, त्यांच्यात बदल अधिक होते. राजाने पोटाशी घेतलेली चिमी मला तेथे आठवली. दुसरा निष्कर्ष असा की, घरातील माणसांचा शोक आणि संताप जितका तीव्र, तितके कुत्र्याच्या वागण्यातील बदलही अधिक. म्हणजे मुके जनावर आपल्या दुःखाबरोबर आपलेही दुःख वाहते.

मांजर म्हणजे अलिप्त प्राणी, अशी आपली समजूत. परंतु अमेरिकेत साडेचारशेच्या आसपास मांजरांविषयी पालकांकडून माहिती घेऊन २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घरातील सोबती प्राणी गेल्यावर मांजरांचेही खाणे, खेळणे आणि झोपणे बदलल्याचे पुढे आले. गेलेला प्राणी मांजर असो वा कुत्रा. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील २०१६ च्या एका अभ्यासातही कुत्री व मांजरे दोघेही माणसांच्या अधिक जवळ येऊ लागल्याचे आणि हे बदल बहुधा सहा महिन्यांच्या आत निवळल्याचे दिसले.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे एक शंका नोंदविल्यावाचून राहवत नाही. ही सारी माहिती पालकांनी सांगितलेली आहे; म्हणजे लेखापरीक्षण न झालेल्या ताळेबंदासारखी. स्वतः शोकात असलेल्या माणसाला घरातील मांजरही शोकाकुल दिसू शकते, हे संशोधकांनीही मान्य केले आहे. ज्याला आपण शोक म्हणतो त्यात रोजचा क्रम मोडल्याची अस्वस्थता किती, सोबत्याची उणीव किती आणि आपल्या डोळ्यांतील पाण्याचे प्रतिबिंब किती, याची वाटणी अद्याप कोणाला करता आलेली नाही. मात्र हिशेब पूर्ण जुळला नाही म्हणून खाते नाकारता येत नाही. चिमी ताटाजवळ उभी राहत होती आणि खात नव्हती, एवढे तरी निर्विवाद होते.

शास्त्रज्ञ आज ज्या उंबरठ्यावर उभे आहेत, त्याच्या आत आपले शास्त्र फार पूर्वी जाऊन बसले आहे. इंद्रियांच्या संख्येवरून जिवांची वर्गवारी आपण पाठशाळेत शिकतो. कुत्रा, मांजर, गाय, बैल हे संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच. संज्ञी म्हणजे मन असलेले. ज्याला मन आहे त्याला प्रिय-अप्रिय आहे आणि ज्याला प्रिय आहे त्याला प्रियाचा वियोगही आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत : अनिष्टाचा संयोग, इष्टाचा वियोग, वेदना आणि निदान. आर्तध्यान तिर्यंच गतीचे कारण होते, असेही आपण ऐकतो. म्हणजे ज्या इष्टवियोगाच्या चिंतनामुळे जीव तिर्यंच योनीत पडतो, त्याच योनीत त्याला पुन्हा इष्टवियोग भोगावा लागतो, आणि तेथे त्याला व्याख्यान ऐकवून सावरणारे कोणी नसते. माणसाला बारा भावना आहेत, सत्संग आहे, सांत्वनास येणारे सोयरे आहेत. चिमीला काय होते? एक गोणपाट.

आणि माणसाला तरी हे सहज साधते का? भगवान महावीरांचे निर्वाण झाले तेव्हा गौतमस्वामी जवळ नव्हते. वार्ता ऐकून त्यांच्यासारखा ज्ञानीही बालकाप्रमाणे रडला, असे परंपरा सांगते. त्या विलापातूनच त्यांचा राग गळाला आणि पहाटे त्यांना केवलज्ञान झाले. दिवाळीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर ज्यांचे नाव आपण भक्तीने लिहितो, त्या गौतमस्वामींनाही वियोगाची एक रात्र चुकली नाही. मग दारातील मुक्या जिवाचे रडणे आपण अपशकुन कसे मानावे?

फार्महाऊसच्या प्रस्तावाविषयीही येथेच लिहितो. जनावरांना आश्रय देण्याचा आपल्या समाजाचा वारसा मोठा आहे. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी बांधव उठले, इतर व्यापारीही त्यात सामील झाले आणि बाजार बंद पडले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. ती निराधार जनावरांसाठी होती. घर असलेल्या जनावराला निराधार करून तेथे वा अन्यत्र पोहोचविणे हा त्या वारशाचा उपयोग नव्हे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार प्रत्येक श्रावकाला ठाऊक असतात : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे पाचही अतिचार बाळगलेल्या जनावरांच्या बाबतीत सहज घडणारे आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांनी हे नियम घालून दिले, त्यांच्या डोळ्यांपुढे गृहस्थाचा गोठा आणि अंगण होते. जुन्या सोबत्याच्या वासाची शेवटची जागाही जिच्यापासून हिरावली, ती चिमी अनोळखी फार्महाऊसवर अन्नाला शिवली नसती, तर तो अतिचार कोणाच्या खाती पडला असता? कायदाही या बाबतीत मुका नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. एवढ्या रकमेचा धाक कोणालाच वाटणार नाही, म्हणून व्रताचा धाक अधिक बाळगावा.

आता चिमीकडे वळतो. पिल्लू परत गेल्यावर बारावीत शिकणाऱ्या नातीने कोणाला न विचारता रिक्षा बोलाविली आणि चिमीला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला : आधीचा कुत्रा कशाने गेला? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीही नव्हते. रक्त तपासले तेव्हा चिमीला गोचिडांमुळे होणारा ताप असल्याचे निघाले. कोकणच्या दमट हवेत हा आजार नवा नाही. राजाही कदाचित त्यानेच गेला असावा. आता ते कळण्याचा मार्ग नाही. महिनाभर गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याभरात चिमी थोडे थोडे खाऊ लागली. ज्याला आम्ही केवळ शोक समजत होतो, आणि मी ज्यावर पिल्लाचा उतारा सुचविला होता, त्यात आजारही होता. मात्र ताप उतरल्यावरही ती ताटाजवळ आधी थांबतच राहिली, राजाच्या गोणपाटावरच झोपत राहिली आणि रात्री अधूनमधून रडतही राहिली. आजार औषधाने गेला. जे उरले ते दुसरे होते.

या सगळ्यातून जे शिकावयास मिळाले, ते आपल्या घरांतून उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहितो.

सर्वांत आधी आजाराची शंका घ्यावी. पहिले जनावर संसर्गाने गेले असेल तर दुसऱ्यालाही तोच आजार असू शकतो. कुत्र्याने एक-दोन दिवस अन्न सोडले तर पशुवैद्यांकडे न्यावे. मांजराच्या बाबतीत तर अधिक घाई करावी. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणाने मांजराच्या, विशेषतः स्थूल मांजराच्या, यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. तपश्चर्येची सवय असलेल्या आपल्या घरांतून "त्याने उपवास धरला आहे" असे कौतुकाने म्हटले जाते. उपवास स्वेच्छेने आणि पच्चक्खाणपूर्वक होतो. मुक्या जिवाचे न खाणे ही तक्रार असते. त्याला चुचकारण्यासाठी बेदाणे, मनुका किंवा चॉकलेट कदापि देऊ नये. कुत्र्यांना ते विषासमान आहे. नेहमीचेच अन्न थोडे कोमट करून हाताने भरवावे.

दुसरे, रोजचा क्रम मोडू नये. जेवणाची, फिरण्याची, झोपण्याची वेळ तीच ठेवावी. सोबत्याकडे पाहून उठणाऱ्या-बसणाऱ्या जनावराचा अर्धा दिवस सोबत्याबरोबरच गेलेला असतो. उरलेला अर्धा तरी आपण सांभाळावा. गेलेल्याचे अंथरूण लगेच धुऊ वा फेकू नये. कुत्रा जग नाकाने ओळखतो. तो वास हळूहळू विरतो तशी त्याची समजही बदलत जाते. आपल्या स्वच्छतेच्या उत्साहात ती संधी हिरावून घेऊ नये.

तिसरे, रडण्यावर मारू नये, कोंडू नये, साखळीला जखडू नये. रात्रीच्या आधी थोडे अधिक फिरवून आणावे आणि झोपण्याची जागा माणसांच्या जवळ करावी. रडू लागले की घरभर धावाधाव करण्याचीही गरज नाही. जवळ शांत बसणारे एक माणूस पुरते.

चौथे, नव्या सोबत्याची घाई करू नये. हे मी अपराधी मनाने लिहितो. काही महिन्यांनी, घर आणि जनावर दोन्ही स्थिरावल्यावर, पाहावे. पक्षी किंवा गिनी पिग यांच्यासारख्या कळपाने राहणाऱ्या जिवांचा प्रश्न थोडा वेगळा आहे; त्यांना फार काळ एकटे ठेवणेच क्रूर ठरते. स्वित्झर्लंडच्या कायद्यात गिनी पिगला एकटे पाळण्यास मनाई आहे, आणि म्हणून मागे राहिलेल्यासाठी सोबती भाड्याने देण्याचा व्यवसाय तेथे निघाला. आपल्याकडील व्यापारी बांधवांना हे वाचून मौज वाटेल. परंतु एकटेपणाही हाल समजावा, हा त्या कायद्यामागील विचार विसरू नये.

पाचवे, घरातील माणसांनी आपले दुःख दडपू नये आणि एकमेकांवर काढूही नये. राजा गेल्यानंतर शेठ आणि त्यांचे बंधू यांच्यात जे शब्द झाले, ते चिमीने दाराशी बसून ऐकले होते.

मी स्वतः केलेले एकच काम उपयोगी ठरले. पेढीवरील एक कोरी वही मागून घेतली आणि चिमीचा रोजमेळ लिहावयास सांगितला : किती खाल्ले, किती फिरली, कोठे बसली, रात्री रडली की नाही. मापाड्यापासून नातीपर्यंत ज्याने पाहिले त्याने लिहावे. पशुवैद्यांना त्या वहीचा फार उपयोग झाला. घरालाही झाला. रोज लिहू लागल्यावर अपशकुनाची भाषा आपोआप मागे पडली. ज्या गोष्टीची नोंद होते तिची भीती कमी होते, हा माझा जुना अनुभव येथेही खरा ठरला. सूनबाई सुखरूप बाळंत झाल्या. त्याचा चिमीच्या रडण्याशी संबंध नव्हता, आणि अन्यथा घडले असते तरी नसता.

बांनी काहीच वाचले नव्हते. त्या रोज पहाटे सामायिक करतात. पूर्वी वरच्या मजल्यावर करीत. श्रावणापासून त्यांनी आपले कटासणे खाली, वखारीकडे उघडणाऱ्या खोलीत आणले. चिमी उंबरठ्याबाहेर येऊन बसू लागली. अठ्ठेचाळीस मिनिटे दोघीही हालत नसत. सामायिक पारून बा ताट घेऊन येत, ते खाली ठेवीत आणि चिमी बाजूला उभी राहिली की म्हणत, "खा बाई, तो जेवून गेला." वहीत पाहिले तर ज्या आठवड्यापासून हे सुरू झाले, त्याच आठवड्यापासून सकाळचे ताट रिकामे होऊ लागल्याची नोंद आहे.

संवत्सरीच्या दिवशी मी त्यांच्याकडे खमतखामणा करावयास गेलो. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा आपण त्या दिवशी मागतो. वखारीच्या दारातून जाताना चिमी समोर आली तेव्हा त्या चौऱ्याऐंशी लक्षांतील एकीशी माझा प्रत्यक्ष व्यवहार बाकी असल्याचे ध्यानात आले. तेथे दोन हमाल उभे होते, म्हणून मनातल्या मनात म्हटले, मिच्छामि दुक्कडम्.

ती वही अजून गल्ल्याशेजारी आहे. परवा सहज उघडून पाहिली. नातीच्या अक्षरातील एका दिवसाची नोंद होती : "आज गोणपाटावर बसली नाही." त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीची, मापाड्याच्या अक्षरात : "आज परत बसली. सगळे खाल्ले."

जय जिनेंद्र.